लग्नातली साडी

रेवसच्या लाँचमध्ये एक कोळीण माझ्या शेजारी बसली होती. मासळीची रिकामी पाटी मांडीवर, आणि बोलताना त्या पाटीवर थापा मारायची सवय. तिचं नाव मी विचारलंच नाही. मी नववीचा धडा उघडून बसलो होतो. आजारी मैत्रीण जगायची आशा सोडते आणि दुसरी तिच्या उशाशी बसून राहते, अशी ती कथा. वर्गात एका मुलीनं विचारलं होतं, "सर, नुसतं जवळ बसून माणूस बरं कसं होतं?" "उद्या सांगतो," म्हणत मी तास आटोपला होता.

"काय वाचताय मास्तर?" बाईनं विचारलं, म्हणून तिला गोष्ट सांगितली.

"नुसती बसली?" पाटीवर थाप पडली. "माझी मैत्रीण पण अशीच भिंतीकडं तोंड करून पडलेली. जेवायची न्हाय. मी तिची लग्नातली साडी नेसून तिच्यासमोर मिरवले. म्हटलं, तू खुशाल जा, ही आता माझी."

"मग?"

"उठली ना! पदर ओढून शिव्या घातल्या मला. मंग दोघी पेज जेवलो."

अख्खी लाँच हसली.

दुसऱ्या दिवशी मी ही हकिकत वर्गात सांगितली, पाटी नव्हती म्हणून टेबलावर थापा मारत. मुलं खिदळली. प्रश्न विचारणारी मुलगी मात्र हसली नाही. तिच्या शेजारची जागा आठवडाभर रिकामी होती. मैत्रीण कावीळ होऊन घरी पडली होती.

"सर," ती म्हणाली, "तिची नवी सायकल माझ्याकडं हाय. आज शाळा सुटली की तिच्या दारासमोर घंटी वाजवत फिरवते."