पाठीचे दोन थर

आत्या खरं म्हणजे दोनच पोरांची आत्या. पण पोरांनी हाक मारायला सुरुवात केली आणि आख्ख्या गल्लीनं ती उचलली. समुद्राकडे उतरणाऱ्या त्या गल्लीच्या टोकाला पत्र्याची लांबट शेड होती. तिथं ती आणि तिचा थोरला भाऊ, दादा, सर्फबोर्ड बनवायचे. म्हणजे लाटेवर उभं राहायच्या फळ्या, ज्याच्या त्याच्या वजनाला आणि ढबीला बेतलेल्या. दादा फोम तासून आकार द्यायचा. त्यावर काचेचं कापड अंथरून त्याला रेझिन, म्हणजे सुकून कडक होणारा चीक, पाजायचं काम आत्याचं. आकार लोकांना दिसतो, त्यामुळे वाहवा दादाची. आत्याचं काम फक्त मोडल्यावर दिसलं असतं, आणि आत्याची फळी मोडत नसे.

फळीच्या पोटाला कापडाचा एक थर पुरतो, पाठीला दोन लागतात. माणूस उभा पाठीवर राहतो ना. मागच्या पायाची टाच एकाच जागी बसून बसून फोम दबतो, खड्डा पडतो. बाकीचे कारागीर दोन्ही थर एकदम भिजवून मोकळे होतात. आत्या मात्र वडिलांच्या पद्धतीनं जायची: पहिला थर बसू द्यायचा, बोटाला जेमतेम चिकटेल इतपत, आणि मग दुसरा. कुणी घाई केली की म्हणायची, "घाई आहे ना? मग दुकानातली घे. सीझनभर टिकली तर मला सांग."

ह्या पद्धतीत एक धोका होता. शेडमध्ये रेझिनचे दोन डबे असायचे. एक थरांचा. ते रेझिन सुकलं तरी वरून चिकट राहतं, म्हणून पुढचा थर त्याला धरून बसतो. दुसरा शेवटच्या हाताचा. त्यात मेण असतं; ते वर तरंगून येतं आणि पाठ कोरडी, घासण्याजोगी होते. चुकून पहिलाच थर मेणाचा झाला, तर दुसरा त्यावर बसल्यासारखा दिसतो. नुसता दिसतो.

दोन्ही रेझिन दिसायला सारखीच. दादा शेवटच्या हाताच्या डब्याला लाल पट्टी चिकटवायचा. आत्याला पट्टीची गरज नव्हती. झाकण उघडलं की तिला मेण कळायचं. विझवलेल्या मेणबत्तीचा वास.

"माझं नाक शाबूत आहे तोवर पट्ट्या कशाला रे?"

"हो, तू नाकानं कांदे सोल," दादा म्हणायचा.

ते नाक नेमकं कधी गेलं, तिचं तिलाही कळलं नाही. एकदा शेगडीवर दूध करपून घरभर वास सुटला. वहिनी अंगणातून धावत आली, तर आत्या शेगडीकडे पाठ करून भाजी निवडत बसलेली.

"वन्सं, वास नाही का आला तुम्हाला?"

"सर्दी झालीय," आत्या म्हणाली.

त्याला वर्ष झालं. सर्दी काही उतरली नाही. रेझिनच्या वाफांनी वडिलांचीही छाती अशीच खाल्ली होती. तेव्हा दादानं अगदी मायेनं त्यांना शेडच्या दाराशी वेताच्या खुर्चीत बसवलं, आणि मरेपर्यंत ते तिथून दुसऱ्यांचे हात चालताना बघत राहिले. खुर्ची अजून तिथंच होती. आत्याला तिची भीती वाटायची, लहान पोराला माळ्यावरच्या अंधाराची वाटते तशी. येताजाता ती तिच्याकडे बघायचं टाळायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला बजावून ती गुपचूप लाल पट्टी बघून काम करू लागली.

मोठ्या लाटांचे दिवस तोंडावर आले तेव्हा तिनं घरच्याच दोन फळ्या करायला घेतल्या. एक भाच्याची, एक भाचीची, दोन्ही जोडीनं. टेकडीच्या टोकाशी खडकांवर लाट फुटते, तिथं ह्या वर्षी उतरायचं असा दोघांचा हट्ट होता. त्या जागी पाय सटकला तर खाली वाळू नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

कामाच्या आदल्या दिवशी थरांचा डबा रिकामा दिसला म्हणून वहिनीनं हौसेनं तो कोपऱ्यातल्या पिंपातून भरून ठेवला. भरला तो शेवटच्या हाताच्या पिंपातून. असं पूर्वीही एकदा झालं होतं, तेव्हा झाकण उघडताक्षणी आत्यानं घर डोक्यावर घेतलं होतं. ह्या वेळी तिनं डब्यावर पट्टी नाही एवढं बघितलं आणि ओतलं. रबराच्या पट्टीनं कापडातला बुडबुडा न् बुडबुडा काढला. बोटं फाटल्यामुळे हल्ली ती जाड हातमोजे घालायची. पहिला थर चाचपताना हात जरासा सरकला, तर तिनं खापर हातमोज्यांवर फोडलं.

फळ्या झाल्या त्या संध्याकाळी ती मागे पडलेली भांडी खरवडायला बसली. पहिल्या थराच्या भांड्याला कडेनं पातळ पापुद्रा राहिला होता. उघडं बोट त्याला चिकटायला हवं होतं. बोट काचेवरून जावं तसं गेलं. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

तेवढ्यात भाचा आला, फळी उचलून उजेडात धरली. "आत्या, आरसा आहे गं, आरसा! आज मित्राकडे राहतो. सकाळी सकाळी टोकाशी उतरणार."

तिनं तोंड उघडलं. पण बोललं की पहिला प्रश्न येणार, तुला वास कसा नाही आला? दाराशी वेताची खुर्ची होती.

"जपून जा," ती म्हणाली. तो गेला.

सकाळी भाची तिची फळी न्यायला आली. दादा दारात चहा पीत उभा होता.

"खाली ठेव," आत्या म्हणाली. "पाठ वर करून."

"जमिनीवर? ओरखडे पडतील ना गं."

"ठेव म्हणते ना!"

आत्यानं एका पायातली चप्पल काढली आणि सगळा जीव आणून टाच फळीच्या पाठीवर हाणली, मागचा पाय पडतो तिथं. कडाड् आवाज झाला.

"वेड लागलं का तुला?" दादा ओरडला. चहा त्याच्या हातावर सांडला.

आत्या गुडघ्यांवर बसली. तडकलेल्या जागी तिनं नख घातलं आणि उचललं. दुधावरची साय निघावी तसं वरचं आख्खं कापड निघून आलं. खाली पहिला थर कोरडा, गुळगुळीत, चमकत होता.

दादा खाली वाकला. त्यानं बोट फिरवलं, बोटाचा वास घेऊन बघितला. "मेण? अगं, आणि तुला कळलं नाही?"

"मला वर्षभर कसलाच वास येत नाही, दादा."

मग भाचीनं विचारलं, "आत्या, आणि त्याची?"

आत्याचा चेहरा बघून तिला उत्तर मिळालं. भाची पुढे, मागे दादा, आणि मागे आत्या, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, अशी तिघं टेकडीच्या टोकाकडे धावली. आत्याला आयुष्यात पहिल्यांदा त्या खुर्चीत बसावंसं वाटलं. आत्ता, ह्या क्षणी कुणी बसवलं असतं तर ती जन्मभर उठली नसती.

टोकावरून तो दिसला. खडकांच्या पलीकडे, पाण्यात, एकटा. तिघं हात हलवायला लागली, घसा फोडून हाका मारायला लागली. लाटांच्या आवाजात हाका विरून जात होत्या. त्यानं वर बघितलं. सगळं घर आपल्याला बघायला आलंय, असं त्याला वाटलं असावं. त्यानं हसून हात उंच केला, लांबूनच बोटानं आपल्या फळीकडे दाखवलं, मग आत्याकडे.

मागून लाट आली. तो वल्हवत तिच्यावर चढला, उठला, आणि मागचा पाय बरोबर तिथं ठेवला, जिथं भाचीच्या फळीवर आत्यानं टाच हाणली होती.