पुरी केलेली रांगोळी

दादू नाखवा पनवेलच्या एका सरकारी कचेरीत शिपाई होता. मूळचा उरणकडचा कोळी. मासेमारी सुटली, तरी जाळं विणणारे हात तसेच होते. दिवाळीत कचेरीच्या दारावरचा कंदील तोच करायचा, कामट्या जाळ्याच्या दोऱ्यानं बांधून. कंदिलाखालची रांगोळी मात्र आवक-जावक सांभाळणाऱ्या सुमतीबाईंची. चौदा वर्षं हेच चाललं होतं.

२००९ साली दिवाळीच्या सुट्टीआधीच्या दिवशी मोठे साहेब पाहणीला येणार होते. बाई सकाळी लवकर येऊन दारात बसल्या. मोर अर्धा झाला आणि त्या थांबल्या.

"दादू, आज नाही जमत रे. छातीवर ओझं ठेवल्यासारखं वाटतंय. घरी जाऊ का मी?"

दादू स्टुलावर उभा राहून कंदिलाची वायर ओढत होता. खाली न बघताच तो म्हणाला, "बाय, येवढी पुरी करा नं मग जावा. अर्धी रांगोळी दारात बरी दिसत नाय."

बाईंनी पुरी केली. पिसाऱ्यातला एकेक डोळा भरला. साहेबांनी कौतुकही केलं. दुपारी त्या रोडपालीला घरी निघाल्या, आणि रिक्षातच गेल्या.

दादू अंत्यविधीला गेला. सकाळचं बोलणं त्यानं कुणालाच सांगितलं नाही.

सुट्टी संपल्यावर कुलूप त्यानंच उघडलं. बंद व्हरांड्यात वारा नव्हता. मोर आत्ताच काढल्यासारखा होता, आणि कडेला, उठताना बाईंनी हात टेकला होता तिथे, पाच बोटं उमटली होती. कितीतरी वेळ तो केरसुणी धरून उभा राहिला. शेवटी झाडलं, कारण झाडणं त्याचं काम होतं.

पण फरशी जुनी, रंग आत मुरलेला. कोरडी असली की काही दिसायचं नाही. ओलं फडकं फिरलं की हिरवा पिसारा हळूहळू वर यायचा. रांगोळीचे रंग असेच असतात, हे दादूलाही कळत होतं. तरी तो तिथे पाय देईना, भिंतीला घासून जायचा. दुपारी जेवणाच्या सुट्टीत दाराशी कुणीतरी दम लागल्यासारखं श्वास घेतंय असं वाटायचं. तो हातातला घास ठेवून बघायला जायचा. कुणी नसायचं.

पुढच्या वर्षी नवे साहेब आले. कचेरी सगळ्यांची आहे, इथे सर्व धर्मांची माणसं येतात, तेव्हा सणांची सजावट नको, असं त्यांनी सांगितलं. बाकीचे कुरकुरले. दादूला मात्र सुटल्यासारखं झालं.

ते टिकलं नाही. मोकळं दार बघून जुने येणारे-जाणारे विचारू लागले, यंदा बाईंची रांगोळी कुठे? बाई गेल्या हे त्यांना माहीत नव्हतं, आणि दादूच्या तोंडून ते निघेना.

"बाय रजेवर हाय," तो सांगायचा.

एके दिवशी असंच कुणालातरी सांगून तो वळला, तर मागे बाईंची मुलगी भावना उभी. आईच्या सेवापुस्तकाची नक्कल न्यायला आली होती.

"काका, आई रजेवर आहे?"

दादू बाकावर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. स्टूल, वायर, स्वतःचे शब्द, एकही न वगळता. भावना त्याच्या शेजारी टेकली. मग म्हणाली, "आम्हाला वाटत होतं, तिनं कुणाला सांगितलंच नाही. बाबा अजून तिलाच दोष देतात. म्हणतात, तोंड उघडलं असतं तर वाचली असती."

"बोलल्या व्हत्या. मला."

"हे घरी येऊन बाबांना सांगाल?"

रविवारी तो रोडपालीला गेला. बाईंचे यजमान खुर्चीत बसून ऐकत होते. दादूनं पुन्हा सगळं सांगितलं आणि मान खाली घालून थांबला. शिव्या बसल्या असत्या, तर त्या त्यानं निमूट घेतल्या असत्या. पण ते भिंतीवरच्या बाईंच्या फोटोकडे वळून हळूच म्हणाले, "म्हणजे तू सांगितलं होतंस."

आणि ते रडू लागले.

भावना त्याला फाटकापर्यंत सोडायला आली. परत कधी येऊ का, असं त्यानं विचारलं. बाबांना विचारून फोन करते, ती म्हणाली.

फोन आला नाही. दादूनंही केला नाही.