वैजूनं मधोमध घातलेली भिंत

आता काय लपवायचं तुमच्यापासून? हसणार तुम्ही, ठाऊक आहे मला. पण आधी हातातला चहा संपवा. मागाहून ठसका लागला तर माझ्यावर ढकलू नका!

धारवाडला सप्तापुरात आमचं घर. सासरे, ज्यांना सगळं गाव अण्णा म्हणायचं, सासूबाई, माझे यजमान, धाकटे दीर प्रकाश आणि मी. नव्वदनंतरची गोष्ट. प्रकाशभावजींचं लग्न झालं आणि बेळगावची वैजू आमच्या घरी आली. एम.एस्सी., बी.एड.! मी आपली बारावी, तीही आर्ट्स. पण पोरगी गोड हो! पहिल्या दिवसापासून मला 'अक्का, अक्का'. म्हटलं, नशीब काढलंस बाई, अशी जाऊ मिळाली!

मग एकदा मी परसात कपडे वाळत घालत होते. वैजूच्या खोलीची खिडकी तिथंच उघडते. मी काही कान लावला नव्हता हं! कान आपले जिथं असतात तिथंच होते. आवाज येऊन त्यात पडला, त्याला मी काय करू?

"बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, घर अगदी शांत आहे," वैजू आत कुणाला तरी सांगत होती. "पण आत गुपचूप तयारी चाललेली असते. सगळ्या कागदांची हुबेहूब नक्कल काढून ठेवतात. ती झाल्याशिवाय वाटणी करता येत नाही."

माझ्या हातातलं अण्णांचं धोतर चिखलात पडलं.

वाटणी? आमच्या घरात?

तरी मी मनाला समजावलं. पण त्याच दिवशी प्रकाशभावजी चपला घालत म्हणाले, "वहिनी, सुभाष रोडला जाऊन येतो. झेरॉक्स काढायच्यात."

"कसल्या हो?"

"आहेत... वैजूचे थोडे कागद," म्हणाले आणि खाली बघून सटकलेच.

झालं! नक्कल निघाली!

दुसऱ्या दिवशी मी कोरडेच कपडे वाळत घालायला गेले. हसू नका! घर वाचवायचं होतं मला.

"आता सगळे मधोमध एका ओळीत येऊन उभे राहतात," वैजू ठणठणीत आवाजात म्हणाली. "दोन्ही टोकांकडून दोऱ्या लागतात आणि ओढाओढ सुरू! निम्मे इकडे, निम्मे तिकडे. आणि सगळ्यात शेवटी मधे भिंत."

भिंत! मधोमध! म्हणजे बरोब्बर आमच्या देवघरातून की हो! अर्धा गणपती त्यांचा नि अर्धा आमचा?

पण खरा घाव पुढंच होता. वैजू जरा थांबली आणि म्हणाली, "आता सांगा बघू, एकाचे दोन झाले. मग आई कुठं गेली? कुठंच नाही. आई उरतच नाही!"

आणि आत बसलेले प्रकाशभावजी खदाखदा हसले. हसले हो! पोटचा पोरगा!

यजमान गोकुळ रोडवरच्या वर्कशॉपमधून घरी आले, तसं मी त्यांना गाठलं. "अहो, घर फुटतंय!"

"फुटू दे. आधी वाढ, भूक लागलीय."

"अहो, भिंत घालणार आहेत! आणि आईंना... आईंना उरू देणार नाहीत!"

"भाकरी गरम आहे ना?"

आता बोला! अशा माणसाच्या भरवशावर सासू वाचायची कशी? सगळा भार माझ्याच डोक्यावर आला.

वैजू सासूबाईंना चहा घेऊन आली. मी झडप घालून कप उचलला आणि घटाघटा पिऊन टाकला.

"अगं बाई, माझा चहा तो!" सासूबाई ओरडल्या.

"तुम्हाला नको तो. म्हटलं ना, नको!"

वैजूनं बिचारीनं दुसरा आणला. तोही मी प्यायले. मरायचंच तर आपण मरू, म्हटलं, सासूबाई जगल्या पाहिजेत! लग्नानंतर पहिल्यांदाच मला त्यांच्याबद्दल असं वाटलं, हेही सांगून टाकते. मग काय, पित्तानं डोकं असं चढलं की विचारू नका. वैजूच आलं-लिंबाचं पाणी घेऊन धावत आली. ते मी तुळशीत ओतलं. तुळस जगते का, यावर डोळा ठेवून बसले!

तुळस टवटवीत. पण मी काही फसणारी नव्हते.

आणि एक केलं. वाटणी होणारच असेल तर आपण का मागं राहायचं? मी मिक्सर उचलून माझ्या पलंगाखाली ठेवला. मग त्याला सोबत म्हणून पुरणयंत्र. मग मोठं पितळी पातेलं. हे चोरणं नव्हे हं! हे सांभाळणं!

शेवटी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून हुबळीला माझ्या मामांना फोन लावला. मामा नावाजलेले वकील. "मामा, रविवारी या. आणि येताना कोट घालून या."

रविवारी सगळे चुरमुऱ्यांचा सुसला खात बसले होते. मामा काळ्या कोटात दारात हजर.

"वकीलसाहेब, रविवारी कोट?" अण्णांनी विचारलं.

मी पदर खोचला आणि उभी राहिले. "मी बोलावलंय त्यांना! अण्णा, या घरात वाटणी ठरलीय. कागदांच्या झेरॉक्स निघाल्यात. नकाशासुद्धा तयार आहे, वैजूच्या कपाटामागं गुंडाळी मी बघितलीय! वैजू, आण तो नकाशा!"

सासूबाईंचा घास हातातच राहिला. वैजूचा चेहरा पांढराफटक. प्रकाशभावजी उठले आणि गुपचूप ती गुंडाळी घेऊन आले. बघा, म्हटलं, चोर कसा सापडला!

मामांनी चष्मा लावला, गुंडाळी जमिनीवर पसरली आणि वाकून बराच वेळ बघत राहिले.

"एन इदु?" मामांच्या तोंडून कानडीच बाहेर पडलं. "हे काय आहे? घर गोल कसं?"

कागदावर मोठमोठे गोल रंगवलेले. प्रत्येकात लाल-निळ्या आळ्या. कुठं गुंता, कुठं ओळीत, कुठं दोन बाजूंना पळालेल्या.

"शेवया आहेत की गं," सासूबाई म्हणाल्या.

"पेशीविभाजन आहे, आई," वैजू रडवेली होऊन म्हणाली. "एका पेशीच्या दोन पेशी कशा होतात ते. मराठी शाळेत मुलाखत आहे माझी, दहावीला हा धडा शिकवून दाखवायचाय. मागं एका शाळेनं नाही म्हटलं ना, म्हणून यावेळी नोकरी लागल्यावरच सांगू म्हटलं. पोरांना कळावं म्हणून पेशीला घर म्हणत होते. ह्यांना समोर बसवून सराव करत होते."

"आणि कागद?" माझा आवाज जरा बारीक झाला.

"कागद म्हणजे गुणसूत्रं, अक्का. आधी त्यांच्या नकला होतात, मग वाटणी. म्हणजे दोघींना सगळं सारखं मिळतं."

"आणि ती झेरॉक्स?"

"माझी सर्टिफिकेटं."

"आणि... आई उरत नाही ते?"

"मातृपेशी! तिच्याच दोन लेकी होतात. मग वेगळी आई कुठून उरणार?"

सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. "म्हणून माझा चहा पीत होतीस होय तू?"

मामांनी मात्र वैजूकडून सगळा धडा नीट ऐकून घेतला. मग विचारलं, "वाटणी अगदी सारखी होते? भांडण नाही, तारीख नाही?"

"बहुतेक वेळा नाही, मामा."

"मग पेशींनी वकिलांच्या पोटावर पाय आणला म्हण की!" म्हणत मामांनी कोट काढून खुंटीला लावला.

सगळे हसले. मीही हसले. वाटलं, सुटले बाई. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "वकीलसाहेब, जेवूनच जा. वैजू, चटणी वाट. अगं, पण मिक्सर कालपासून दिसत नाही गं कुठं."

मी पानातल्या चुरमुऱ्यांकडे बघत बसले. यजमान म्हणाले, "आमच्या पलंगाखाली आहे. मला वाटलं बिघडलाय, म्हणून ठेवलाय."

मिक्सर निघाला. पुरणयंत्र निघालं. पातेलं निघालं. त्या घरात वाटणी खरोखर कुणी केली असेल तर ती मी एकटीनं! अण्णा उठून बाहेर गेले. बराच वेळ त्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता. तो खोकला नव्हता.

वैजूला नोकरी लागली. चांगलं नाव काढलं तिनं. माझी नीता त्यावेळी कडेवर होती. ती बघता बघता दहावीत, काकूच्याच वर्गात जाऊन बसली. एक दिवस दप्तर टाकलं आणि हसत सुटली.

"आई, आज काकूनं पेशीविभाजन शिकवलं. त्यात एका बावळट बाईची गोष्ट सांगितली बघ! दरवर्षी सांगते म्हणे. अख्खा वर्ग बाकावर लोळत होता. मी तर सगळ्यात जास्त हसले! अशी बाई खरंच असेल का गं?"

"छे! काकू रचून सांगते," मी भाजी निवडता निवडता म्हटलं.

आतून सासूबाईंचा खणखणीत आवाज आला, "रचून कुठली? तुझ्यासमोर बसून मेथी निवडतेय की!"