अमीन भट्टीवाला आणि कोकोची बी

धुळ्याच्या अमीन भट्टीवाल्याचा राग आधी नाकात यायचा. नाकपुड्या फुगायच्या, मग कान लाल व्हायचे, आणि तोंडातून शब्द निघेपर्यंत समोरचा माणूस दोन पावलं मागे सरकलेला असायचा. पण त्याच नाकावर त्याचं पोटही भरायचं. बापाच्या भट्टीवर फुटाणे, शेंगदाणे भाजतच तो मोठा झाला. कढईत न डोकावता, नुसत्या वासावरून दाणा कुठवर आलाय ते तो सांगायचा.

१९८४ साली मोतीलालशेठनी जळगावला चॉकलेटचा कारखाना काढला. भाजणीवर पक्का माणूस हवा होता, म्हणून त्यांनी अमीनला बोलावून घेतलं. यंत्रं बसवायला केरळचे एक म्हातारे जाणकार आले होते. मोडक्या हिंदीत बोलायचे, पण माणूस भला. पहिल्याच दिवशी त्यांनी अमीनच्या तळहातावर बदामाएवढी कोकोची बी ठेवली आणि चाकूनं उभी चिरायला लावली.

“आत तपकिरी, भेगाळलेली दिसली तर नीट आंबवलेली. राखाडी आणि गुळगुळीत दिसली तर कच्ची. कच्चीला तू कितीही भाज, चॉकलेटचा वास येणार नाही.”

त्यांनीच सांगितलं, की हे झाड मूळचं समुद्रापलीकडच्या दक्षिण अमेरिकेतल्या जंगलांतलं. तिथून आफ्रिकेत गेलं, मग केरळात नारळ-सुपारीच्या सावलीत आलं. फळ फोडून बिया गरासकट केळीच्या पानांखाली पाच-सहा दिवस दडपून ठेवतात, मग उन्हात वाळवतात. निम्मी चव तिथेच ठरते. त्यांच्या पेटीत बियांच्या तीन पुरचुंड्या होत्या. केरळची बी जराशी आंबूस, घानाची दणकट आणि सरळ, आणि इक्वेडोरची भाजताना फुलासारखी घमघमणारी. अमीननं तिन्ही वेगवेगळ्या आचेवर भाजल्या, चावून पाहिल्या, आणि दिवसभर पुन्हा पुन्हा त्यांचा वास घेत राहिला. इतकी वर्षं भट्टीपुढे बसूनही एकाच दाण्यात एवढं काही असतं हे आपल्याला ठाऊक नव्हतं, याचंच त्याला नवल वाटत होतं.

पुढची सहा-सात वर्षं बरी गेली. एक्क्याण्णवच्या पावसाळ्यात मात्र आलेली पोती वेगळी निघाली. अमीननं पन्नास बिया चिरल्या. तीस राखाडी, अकरांना आतून पांढरी बुरशी. तो तसाच शेठच्या खोलीत शिरला.

“शेठ, हाई बठ्ठा, सगळाच माल कच्चा शे. बुरशी शे.”

“जास्त काळा भाज,” शेठ मान वर न करता म्हणाले. “वास दबेल. वनस्पती तूप आणि साखर आहेच वरून.”

“आणि वेष्टनाच्या कागदावर ‘शुद्ध कोको’ छापलंय ते?”

“तू भाजणीचं बघ.”

अमीननं त्या दिवशी भाजलं. पुढे आयुष्यभर त्याला त्या भाजण्याचीच चीड येत राहिली.

महिन्याभरानं एक घाऊक व्यापारी तक्रार घेऊन आला. माल करपट लागतो म्हणाला. शेठनी अमीनला बोलावलं आणि व्यापाऱ्यासमोरच म्हणाले, “काय करणार, फुटाणेवाला माणूस आहे. याला काय कळतंय कोको?”

अमीनचे कान लाल झाले. तो गेला, चाकू आणि बियांनी भरलेलं घमेलं घेऊन आला, आणि शेठच्या टेबलावर एकेक बी चिरून मांडत गेला. “ही बघा. ही बघा. ही घ्या, खाऊन बघा! ही मी करपवली, कारण मला करपवायला सांगितलं!”

आता व्यापारी शेठवर उखडणार असं त्याला वाटलं. व्यापाऱ्यानं बुरशी पाहिली, रुमालानं बोटं पुसली आणि शांतपणे म्हणाला, “बी कुठलीही घाला हो. हा माल साक्रीकडच्या गरीब खेड्यांत, आठवड्याच्या बाजारांत जातो. तिथं गोड लागलं की झालं. फक्त करपू देऊ नका.”

अमीननं टेबलच उलथवलं. अंगातला कारखान्याचा सदरा तिथेच काढून फेकला आणि बनियनवर स्टँडपर्यंत चालत गेला.

धुळ्यात त्यानं बापाची भट्टी पुन्हा पेटवली. म्हाताऱ्या जाणकारांना पत्र घालून केरळहून चांगल्या बियांचं पोतं मागवलं. बायको रहिमाबी सुपानं टरफलं पाखडायची, मग दोघं आळीपाळीनं पाट्यावर दाणा वाटायचे, तेल सुटून चिकट लगदा होईपर्यंत. साखर अगदी नावापुरती. खानदेशच्या उन्हात चॉकलेट टिकत नाही, म्हणून दिवाळी ते संक्रांत एवढाच हंगाम. बाकी वर्ष फुटाणे.

शहाण्णव साली मोतीलालशेठ स्वतः भट्टीवर आले. खिशातून मूठभर बिया काढून पुढे केल्या. अमीननं एक चिरली. आत सुरेख तपकिरी, भेगाळलेली.

“मुंबईच्या मोठ्या हॉटेलांसाठी नवा माल काढतोय,” शेठ म्हणाले. “तुझ्यासारखं भाजणारं कुणी नाही. झालं गेलं विसर.”

“आणि साक्रीच्या बाजारात जाणारा?”

“तो आहे तसाच चालू आहे. ते गिऱ्हाईक वेगळं, अमीन.”

“चाला उठा!” अमीन इतक्या मोठ्यानं ओरडला, की रहिमाबी हातातलं सूप टाकून बाहेर धावली. शेठ निघून गेले. रहिमाबीनं पाणी दिलं, ते त्यानं घेतलं नाही.

पुढच्या बाजाराला तो डबा घेऊन साक्रीला गेला. रस्त्याकडेला बसून चॉकलेटचे लहान तुकडे लोकांच्या हातावर ठेवू लागला. लोकांनी तोंडात टाकलं आणि थुंकलं. “कडू शे रे!”

“थुंकू नका! जिभेवर राहू द्या जरा!” तो भांडल्यासारखा ओरडत होता. माणसं हसून पुढे जात होती. बाजूला भाजी घेऊन बसलेली भिकुबाई मघापासून हे बघत होती. तिनं हात पुढे केला, तुकडा तोंडात घेतला आणि डोळे मिटून बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, “पहिले कडू. मंग मोहाना फुलना वास येस.”

कडू चवीमागचा मोहाच्या फुलाचा वास तिला बरोबर सापडला होता. अमीननं डबा तिच्यापुढे सरकवला. “अजून घ्या, अक्का.”

त्यानंतर दर हिवाळ्यात तो तिच्या शेजारी बसायचा. कारखाना जोरात चालला, शेठची भरभराट झाली. साक्रीच्या बाजारात ‘शुद्ध कोको’ छापलेले लाल कागद उडताना दिसले, की अमीनच्या नाकपुड्या अजूनही फुगायच्या.