सात वस्त्यांचं गाठोडं

या जगात कोणतीही वस्तू सुटी राहू नये, अशी मनापासून इच्छा असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा थोरला दीर निघाला. घर, स्कूटर, कपाट, देवगाव रंगारीच्या खोलीचं कुलूप आणि जी कुलपं केव्हाच हरवली होती तीसुद्धा, अशा सगळ्यांच्या किल्ल्या भाऊजींच्या एकाच कडीत असत. वाळूजला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांची नोकरी. डब्यात भाकरी, पिठलं, ठेचा आणि गूळ असं सगळं एकाच फडक्यात बांधून न्यायचे. जाऊबाई बिचाऱ्या त्यांच्या गोळ्यांच्या सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तीन पुड्या करून देत आणि जिना उतरेपर्यंत हे तिन्हींची एक पुडी करून टाकत. वर जाऊबाईंनाच समजावत, की पोटात गेल्यावर सगळं एकच होणार आहे. हा सगळा गुण घराण्याचा. सासऱ्यांचे वडील मेंढरं राखायचे, आणि कळप फोडला की मेंढरू हरवतं हे वाक्य आमच्याकडे आरतीच्या आधी पाठ होतं.

पण गंमत अशी, की एकत्र कोंबलेल्या गोष्टींचाही क्रम मोडलेला त्यांना खपत नसे. दुष्काळाची ती वर्षं. आमच्या कॉलनीत नळाला पाणी कधी येईल ते नळालाच माहीत. बायका आदल्या दिवशीच रांगेत हंडा, कळशी, नाहीतर नुसता दगड ठेवून जात. एकदा माझा आठवा नंबर होता आणि दगडवाल्या बाई जवळपास दिसत नव्हत्या, म्हणून मी हंडा हळूच पुढे सरकवला. भाऊजींनी गच्चीवरून पाहिलं, चपला घालून खाली आले, सगळ्या गल्लीसमोर माझा हंडा उचलून होता तिथे ठेवला आणि दगडाची माफी मागावी तसा तो दगड पुन्हा नीट सरळ केला. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

पंचेचाळिशी उलटल्यावर हा माणूस जुन्या बाजारातून एक फाटकं पुस्तक आणून वेबसाइट बनवायला शिकला. मी कॉम्प्युटरची पदवीवाली सून, पण मला विचारणं कमीपणाचं वाटलं असावं. गावाकडच्या ओळखीतल्या एका मंडळाने तेव्हा टँकरने पाणी पोचवायचं काम घेतलं होतं. टँकर एक आणि वस्त्या सात. पहिल्या वस्तीला भरपूर मिळायचं, सातव्या वस्तीला टाकीच्या तळाचं, गाळासकट. टँकर चालवायचे सिल्लोडचे रशीदभाई. आज कुठून कुठे जायचं ती यादी त्यांना मोबाइलवर दिसावी, म्हणून भाऊजींनी एक पान बनवलं. दिसायला ते इतकं भयंकर होतं, की पिवळ्यावर लाल अक्षरं पाहून रशीदभाईंना सुरुवातीला आपला फोन तापला असं वाटलं. पण चालत होतं.

मग भाऊजींच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी पंधरा दिवस स्क्रीनकडे बघायचं नाही म्हणून बजावलं, आणि लॅपटॉप माझ्याकडे आला. मी डेटाबेस उघडला आणि कपाळावर हात मारला. डेटाबेस म्हणजे खणाखणांचं कपाट. एका खणात एकच वस्तू ठेवायची, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. भाऊजींनी सातही वस्त्यांची नावं एकापुढे एक रचून त्यांचं एक गाठोडं बांधलं होतं आणि ते गाठोडं एकाच खणात कोंबलं होतं. पान उघडलं की गाठोडं सोडायचं, यादी दाखवायची, पुन्हा बांधून ठेवायचं. मला त्या फडक्यातल्या पिठल्याची आठवण झाली. मी दुपारभर बसून गाठोडं सोडलं, प्रत्येक वस्तीला टेबलात स्वतःची ओळ दिली, आणि दिसायला छान म्हणून यादी अकारविल्हे लावली. पिवळ्या-लालचा निळा-पांढराही केला. जाता जाता जुन्या कोडमधली एक विचित्र ओळ काढून टाकली. यादीतलं पहिलं नाव उचलून शेवटी ठेवायचं, एवढंच ती करत होती. मला तो भाऊजींचा नेहमीचा चाळा वाटला. आपण घराण्याचं नाव काढलं, अशा आनंदात मी चहा ठेवला.

सहाव्या दिवशी हटकरवस्तीच्या हिराबाईंचा फोन आला. वस्ती मेंढपाळांची. बोलणं अगदी शांत होतं, आणि त्याचंच मला जास्त वाटलं. "ताई, रोज गाळच यायलाय. माणसं गाळून पितील, पर मेंढरं तोंड लावंनात. दोन कोकरं गेली. आमच्याकडून काय चुकलं व्हय?" मी रशीदभाईंना फोन लावला. ते म्हणाले, "भाभी, रोज अंबावस्तीच पैले आरी, हटकरवस्ती आखिर में. मेरेकू लगा भाईसाबनेच बदल दिए. उनका हिसाब में कैसा पूछता?"

अकारविल्हे लावलं की अ आधी आणि ह शेवटी येतो, हे मला पहिलीपासून माहीत होतं. त्या अडाणी ओळीचा अर्थ मात्र आता कळला. भाऊजी आजचा पहिला उद्या शेवटी ढकलायचे, म्हणजे बाकी सगळे रोज एकेक पाऊल पुढे. सात वस्त्या, सात दिवस. गाळ प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्यातून एकदाच. मी पदवीच्या जोरावर तो सगळा एकाच वस्तीच्या नशिबी लावून दिला होता.

भाऊजी काळा चष्मा लावून पलंगावर बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मला वाटलं आता हंड्यासारखा माझा लॅपटॉपही उचलून ठेवतील. त्यांनी आधी रशीदभाईंना फोन लावायला सांगून आजची दुसरी खेप थेट हटकरवस्तीला न्यायला लावली, आणि मग मला जवळ बसवलं.

"शुभा, येगळं केलंस ते बरंच केलंस. मला कुणी शिकवलं नाय म्हणून गाठोडं बांधलं. पर सोडताना कोण कुणाच्या मागं उभं व्हतं, ते लिहून ठेवायचं असतंय. नायतर रांगेतलं माणूस कुणाकडं बघंल?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना दिसत नव्हतं म्हणून मी ते पुसलंही नाही. त्याच दुपारी मी प्रत्येक वस्तीच्या ओळीत नंबराचा एक रकाना वाढवला. ते तोंडाने सांगत होते, मी लिहीत होते. पहिल्याचा नंबर सात करायचा, बाकीच्यांचा एकेक कमी. वस्त्या सुट्या राहिल्या आणि रांगही राहिली. मग हिराबाईंना फोन करून चूक माझी होती असं मी स्वतः सांगितलं. उद्या पहिला नंबर तुमचा, म्हटल्यावर त्या म्हणाल्या की पहिला नको, आमचा जो असंल तोच द्या. भाऊजींनी मात्र हटकरवस्तीला एक आठवडा पहिलं ठेवलं. आयुष्यात स्वतःहून मोडलेली त्यांची ही एकच रांग.

पुढे बरे पाऊस झाले. शहर वाढत वाढत वस्त्यांच्या अंगावर गेलं. अंबावस्तीच्या जागी आता तीन मजली इमारती आहेत. पाइपलाइन जिथे पोचेल, ते नाव भाऊजी यादीतून काढायचे आणि त्या दिवशी घरात जिलेबी यायची. सातचे पाच झाले, पाचचे दोन. एव्हाना काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली होती, आणि नावं काढायचं काम माझ्याकडे आलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात हिराबाईंचा फोन आला. वस्तीवर नळ आला, आता आमचं नाव काढा, म्हणाल्या. मी लॅपटॉप घेऊन भाऊजींच्या शेजारी बसले. नाव काढलं. टेबलात एकही ओळ उरली नाही. ते विचारत होते, आता पान काय दाखवतंय. यादी रिकामी आली तर काय दाखवायचं, ते वाक्य त्यांनीच पहिल्या वर्षी लिहून ठेवलेलं निघालं. इतक्या वर्षांत ते कुणी पाहिलंच नव्हतं.

मी वाचलं, "आज कुणालाच रांगेत थांबायचं नाही."

"परत वाच," भाऊजी म्हणाले.

मी परत वाचलं.