काळ्या वर्तुळांचा नकाशा

आमच्या पिंपळझिऱ्यात आजही जीवराम मास्तरांचं नाव निघालं की म्हातारे तोंड वाकडं करतात. "त्यानी गाव इकं," म्हणतात, म्हणजे गाव विकलं. साहेबाच्या शाबासकीसाठी मास्तरने अकरा घरांची झाडं सरकारला दाखवून दिली, अशी गावाची कहाणी आहे. ती सांगणाऱ्या शहाण्यांपैकी एकही जण त्या दिवशी रानात नव्हता. मी होते. मी तेव्हा चौथीत होते, ज्या नकाशावरून हे सगळं झालं त्यावरचं एक झाड मी माझ्या हाताने काढलं होतं, आणि या लोकांचा मला जो राग येतो तो आज पन्नास वर्षं येतोय. म्हणून एकदाचं सगळं सांगून टाकते.

मास्तर इकडचे नव्हते. जळगावजवळच्या नशिराबादचे. धुळ्याला ट्रेनिंग करून बोर्डाच्या शाळेत लागले आणि बदल्या होत होत शिरपूर तालुक्याच्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी येऊन पडले. शाळा एका खोलीची, मास्तर एकच, इयत्ता चार, पोरं सव्वीस आणि त्यात मुली तीन. मास्तर उंच, काटक आणि तापट होते. पाढा चुकला तर ते हसत. पण कोणी न पाहिलेली गोष्ट ठोकून दिली की त्यांचं डोकं फिरे. "माहीत नसेल तर नाही म्हण," ते ओरडत, "पण जिथे तू पायाने चाललीस, तिथलं माहीत नाही म्हणालीस तर मी ऐकून घेणार नाही." त्यांच्या हातची छडी मी दोनदाच खाल्ली, आणि दोन्ही वेळा थाप मारली म्हणून.

एकोणीसशे सदतीसच्या सुरुवातीला वरून एक छापील पाठ आला. उत्तरेत हिमालयाच्या पायथ्याशी सरकारने एक मोठं रान जनावरांसाठी राखून ठेवलंय, त्याला राष्ट्रीय उद्यान म्हणायचं, आणि भूगोलाच्या तासाला ते मुलांना शिकवायचं, असा हुकूम होता. मास्तरांनी पाठ वाचला. उद्यान म्हणजे बाग, असं सांगितलं. पुना नावाचा पोरगा उठला आणि म्हणाला, "गुरुजी, बागमा वाघ कसा काय?" सगळा वर्ग खिदळला. मास्तरही हसले, मग त्यांनी कागद घडी करून खिशात घातला.

"हिमालय मी पाहिला नाही, तुम्हीही नाही," ते म्हणाले. "पण राखून ठेवलेलं रान तुमच्या दाराशी आहे. ते शिकू."

आणि खरंच शिकवलं. गावाच्या उत्तरेला राखीव जंगलाची हद्द होती, चुना लावलेल्या दगडी बुरजांची. प्रत्येक बुरजावर आकडा. मास्तरांनी आम्हाला आठवड्यातून दोनदा बाहेर काढलं. सकाळच्या सावलीवरून दिशा धरायची, बुरजापासून बुरजापर्यंत पावलं मोजायची, ओढा कुठून उतरतो, सागवान कुठे संपतं आणि अंजनाची झाडं कुठे लागतात, ते पाटीवर टिपायचं. पावलं मोजायचं काम माझं होतं, कारण माझं पाऊल सारखं पडे. त्या दोन महिन्यांत मला पहिल्यांदा वाटलं की मी राहते त्या जागेला काही किंमत आहे. शाळेत असं वाटणं फार थोड्यांच्या नशिबी येतं.

मग नकाशा. मास्तरांनी पदरमोड करून मांजरपाटाचं चार हात कापड आणलं, त्याला खळ लावून ते कडक केलं. डोंगर गेरूने, ओढा निळीने, बुरूज चुन्याने. पोरं आपापल्या माहितीची जागा काढू लागली, आणि तिथेच मोहाची झाडं आली.

आमच्याकडची रीत सांगायला हवी. हद्दीच्या आत अकरा मोठी मोहाची झाडं होती, आणि प्रत्येक झाड एकेका घराचं. कागदावर नव्हे, गावाच्या मनात. आमचं झाड माझी आई भिकुबाई वेचायची, तिच्या आधी तिची सासू. चैत्रात फुलं पहाटे गळतात. ती पाल्यात हरवू नयेत म्हणून फाल्गुनात प्रत्येक घर आपल्या झाडाखालचा पाला जाळून जमीन साफ करतं. काळं गोल अंगण दिसलं की समजायचं, हे झाड कोणाचं तरी आहे, इथे दुसऱ्याने हात लावायचा नाही. फुलं वेचायला सरकारची परवानगी होती. राखीव रानात आग लावायला सक्त मनाई. पण वणवा कुठेही लागतो, जंगलाचा गार्ड वर्षाला एकदा डोळेझाक करायचा, आणि चाललं होतं.

पोरांनी अकरा झाडं काढली, प्रत्येकाखाली काजळाने काळं वर्तुळ काढलं आणि शेजारी घराचं नाव. आमच्या दृष्टीने ती मालकीची खूण होती. मास्तरांनी विचारलं, "काळं कशासाठी?" मीच सांगितलं. होय, मीच. ते खूश झाले. म्हणाले, सूचीशिवाय नकाशा म्हणजे नुसतं चित्र. आणि कोपऱ्यात चौकट आखून वळणदार अक्षरात त्यांनी लिहिलं: काळे वर्तुळ, मोहाखाली जाळलेला पाला, शेजारी, जाळणाऱ्या घराचे नाव.

एवढा शिकलेला माणूस, आणि त्याला कळलं नाही. याचा राग मला त्यांचाही येतो, खोटं कशाला बोलू. पण त्यांना नकाशा बरोबर हवा होता. दुसरं काही त्यांच्या डोक्यात शिरलंच नाही.

फाल्गुन संपता संपता शाळा तपासायला दिपोटी साहेब आले. आमचं वाचन ऐकता ऐकता त्यांना जांभया येत होत्या. नकाशा पाहिल्यावर ते खुर्चीतून उठले. अख्ख्या जिल्ह्यात असं काम पाहिलं नाही म्हणाले, धुळ्याच्या प्रदर्शनात लावतो म्हणाले, आणि गुंडाळी करून घेऊन गेले. मास्तरांनी ती स्वतः सुतळीने बांधून दिली. त्या संध्याकाळी त्यांनी सगळ्या पोरांना गूळ वाटला.

आठव्या दिवशी गार्ड गावात आला. त्याच्या हातात कागद होता आणि कागदावर अकरा नावं. नकाशा साहेबांनी वाटेत कोणाला कौतुकाने दाखवला, कोणी उतरवून घेतला, ते कधी कळलं नाही. राखीव जंगलात आग लावल्याबद्दल अकरा घरांचा फुलं वेचायचा परवाना बंद, चौकशी होईपर्यंत हद्दीच्या आत पाऊल टाकायचं नाही, असा रेंजर साहेबांचा हुकूम त्याने वाचून दाखवला. तेव्हा फुलं गळायला लागून दोन दिवस झाले होते.

हे शहरातल्या माणसाला समजायचं नाही. चैत्र-वैशाखात आमच्या वस्तीत शेतावर काम नसतं आणि कणगीत दाणा नसतो. वाळवलेली मोहाची फुलं उकडून खायची, त्यांवरच दोन महिने काढायचे. फुलं गळतात ती जेमतेम वीस दिवस. चौकशी महिनाभर चालली असती तर आमचं काय झालं असतं ते मला सांगता येतं, कारण आधी एका वर्षी फुलं करपली होती तेव्हा माझा धाकटा भाऊ गेला.

त्याच दिवशी भर दुपारी वस्ती शाळेवर चालून आली. पुढे होते लोटन पाटील, ज्यांचं एकही झाड त्या अकरात नव्हतं.

"मास्तर, आमनी वस्तीना घास तुम्ही सरकारले दी टाका," पाटील म्हणाले. "आते या लोके काय खातीन?"

"चूक माझी आहे," मास्तर म्हणाले. "मी निस्तरतो."

"निस्तरा ना मग," माझी आई म्हणाली. "आठे उभं राहीसन काय व्हई?"

मास्तर तिथूनच तसे निघाले आणि शिरपूरपर्यंत पायी गेले. रेंजरला भेटले. आग लागलेली रानात दिसतच होती. कोणी लावली, ते फक्त आमच्या नकाशात होतं. मास्तरांनी लिहून दिलं की नकाशावरची अकराही नावं खोटी आहेत, काम उठावदार दिसावं म्हणून आपण ती मनाने घातली, आणि पोरांना त्या रानातलं काही माहीत नाही. आपली पावलं मोजून काढलेली, इंच इंच तपासलेली गोष्ट त्या माणसाने स्वतःच्या सहीने खोटी ठरवली.

रेंजर कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तो म्हणाला, मग मुलांना झाडापाशीच विचारतो. तिसऱ्या दिवशी तो दिपोटी साहेबांना घेऊन आला. दिपोटींचं तोंड उतरलं होतं. ज्या नकाशाची बढाई मारली तो बनावट निघाला, म्हणून ते मास्तरांवर दात खाऊन होते. आम्हा चौथीच्या सात पोरांना हद्दीच्या आत नेलं. मास्तर मागे उभे. वस्तीतल्या एकालाही रेंजरने येऊ दिलं नाही.

पहिलंच झाड आमचं. खाली काळं अंगण आणि त्यावर फुलांचा थर, चितळांनी अर्धा तुडवलेला. तीन दिवसांची फुलं आंबून वास सुटला होता. रेंजरने मास्तरांचा कागद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला, नावं खोटी आहेत इथपर्यंत. मग त्याने मला पुढे ओढलं.

"हे झाड कोणाचं?"

मास्तरांनी आम्हाला एक अक्षर पढवलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते.

"माले ठाऊक नही," मी म्हणाले.

"इथे कधी आलीस?"

"नही."

"बरं. उत्तर कोणत्या बाजूला आहे, ते तरी दाखव."

सकाळचा सूर्य माझ्या उजव्या गालावर होता. डोळे मिटून सांगता आलं असतं. पण दिशा येते म्हटलं तर झाडंही येतात हे उघड झालं असतं. मी हात वर केला आणि सूर्याकडेच दाखवलं. मास्तरांनी मान वर केली. त्यांचं तोंड उघडलं, ओठ हलले, आणि त्यांनी ते मिटून घेतलं. त्यांचा चेहरा तेव्हा कसा झाला ते मी कोणाला नीट सांगू शकलेले नाही. माझ्यामागून पुना आला, त्याने उत्तर म्हणून पायाखालची जमीन दाखवली. मग सुनंदा, मग बाकीचे. सातही पोरं एकाही झाडाचं घर सांगू शकली नाहीत. एकाला तर ओढा कुठे आहे तेही सांगता आलं नाही, आणि ओढ्याचं पाणी तिथे ऐकू येत होतं.

"काय शिकवलंत यांना दोन महिने?" दिपोटी साहेब मास्तरांवर गरजले. "सूर्य कुठे उगवतो ते कळत नाही कार्ट्यांना."

"काही नाही शिकवलं, साहेब," मास्तर म्हणाले.

दिपोटींनी तिथेच मांडीवर वही ठेवून शेरा लिहिला. भूगोलात सगळा वर्ग नापास, शिक्षक नालायक आणि खोटारडा. रेंजरने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. त्याला सगळं कळलं असावं, पण हातात पुरावा काही उरला नव्हता. संध्याकाळपर्यंत अकराही परवाने मोकळे झाले.

आम्ही धावत वस्तीत गेलो. काय घडलं ते सातही पोरांनी आपापल्या घरी सांगितलं. मास्तरांनी काय लिहून दिलं तेही सांगितलं. आणि आमचे लोक काय म्हणाले? "त्यानीच लावं, त्यानीच इझाडं. उपकार कसाना?" त्यानेच लावलं, त्यानेच विझवलं, मग उपकार कसला. बस. एवढ्यावर विषय संपला, कारण सगळ्यांना टोपल्या घेऊन रानात पळायचं होतं. पुढे वर्षं गेली तशी यातली विझवल्याची अर्धी गोष्टही गळली आणि गाव विकल्याची तेवढी राहिली.

पंधरवड्यात मास्तरांना बोर्डाने नोकरीवरून काढलं. त्यांची पेटी न्यायला गावात सात बैलगाड्या असून एक मिळाली नाही. लोटन पाटलांची गाडी त्याच दिवशी रिकामी शिरपूरला गेली, तीही मास्तरांच्या आधी निघून. मास्तर पेटी डोक्यावर घेऊन आमच्या दारावरून गेले. मी उठले, तर आईने दंडाला धरून मला खाली बसवलं. "गप बठ," म्हणाली. मी बसले. अकरा वर्षांची होते, हिसडा मारून जाता आलं असतं.

ते गेल्यावर तिने चुलीवरून भांडं उतरवलं आणि आमच्या झाडाची उकडलेली फुलं ताटलीत माझ्यापुढे ठेवली. मी खाल्ली. आणखी मागून घेतली.