दफ्तरी नोंद नाही

रशीदभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंचरला दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत बसलो होतो. दाढ काढून झाली होती, तोंडात कापसाचा बोळा होता. जुन्नरहून त्यांची मुलगी यास्मिन बोलत होती. "चाचा, अब्बा गेले. असरच्या नमाजानंतर माती हाय." मला 'हो' म्हणता येईना, 'येतो' म्हणता येईना. ती दोनदा "हॅलो, हॅलो" म्हणाली आणि फोन बंद झाला. मी मातीला गेलो नाही. दाढ काढलीय, रक्त थांबत नाही, असं घरी सांगितलं. रक्त तासाभरातच थांबलं होतं.

आमची ओळख कळंबच्या पलीकडे टेकडीवर असलेल्या खडी क्रशरवरची. नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी महाळुंगे पडवळचा, बारावी झालेला, म्हणून वजनकाट्यावर कारकून. गाड्यांचं वजन आणि माणसांची हजेरी लिहायची, एवढंच काम. रशीदभाई रोज जुन्नरहून पहिल्या एसटीनं यायचे. क्रशरच्या जबड्यात दगड सोडायचं काम त्यांच्याकडे, म्हणजे जिथं धूळ सगळ्यात दाट तिथं. दुपारपर्यंत कुणाचं तोंड ओळखू यायचं नाही. वडार, मराठा, मुसलमान, सगळे पीठ फासल्यासारखे पांढरे. रशीदभाई पाण्याची चूळ भरत म्हणायचे, "बघा सावळाभाऊ, शेठनं समद्यांना एका जातीचं केलंय. आता आपुन एका जातीवानी वागाया शिकलं पायजे." मी हसायचो. मला वाटायचं, गंमत करतात.

मग मारुती नावाचा गडी खोकून खोकून मेला. पाच वर्षं क्रशरवर होता. त्याची बायको शेठकडे गेली, तेव्हा शेठनं विचारलं, "कोण मारुती?" आमची युनियन उभी राहिली ती या दोन शब्दांवर. पुण्याहून कोणी पुढारी आला नाही, कुणी भाषण दिलं नाही. रशीदभाईंनी जेवणाच्या सुट्टीत तीस माणसांना काट्याशेजारी बसवलं आणि दोन मागण्या ठरवल्या. खडीच्या पट्ट्यावर पाण्याचा फवारा पाहिजे, म्हणजे धूळ बसेल. आणि प्रत्येकाला फोटोचं हजेरीकार्ड पाहिजे, म्हणजे 'कोण' असं पुन्हा कुणाला विचारता येणार नाही. शेठ नाही म्हणाला आणि जबडा बंद पडला.

सव्वा महिना संप चालला. वडार बायका गाड्यांपुढे आडव्या बसायच्या. पोलिस त्यांना व्हॅनमधून घोडेगावला नेऊन सोडायचे, त्या चालत परत येऊन पुन्हा तिथंच बसायच्या. शेवटी शेठचा निरोप आला. दोन्ही मागण्या मान्य. पाणी मिळेल, कार्ड मिळेल, सगळे कामावर परत येतील... रशीद सोडून.

निरोप मीच वाचून दाखवला. रशीदभाई उठले, म्हणाले, "माज्या एकट्यापायी तीस चुली बंद ठिवायच्या का? ज्यांना मान्य हाय त्यांनी हात वर करा." कुणाचाच हात वर होईना. मग म्हातारी यल्लू वडारीण रडत रडत म्हणाली, "भाऊ, सून बाळंत झालीय रं," आणि तिनं हात वर केला. तिच्यामागं एकेक करत सगळ्यांनी केले. मी युनियनमध्ये नव्हतो. कारकुनाला कुणी विचारलंही नव्हतं. तरी मी हात वर केला. रशीदभाईंची नजर माझ्यावर थांबली. "झालं," ते म्हणाले, "एकमत झालं." आणि रस्त्याकडे चालू लागले.

पुढच्या आठवड्यात कार्डं आली. शेठनं मला जुनी हजेरीवही बंबात घालायला सांगितली. मी घातली. फवारा दीड वर्ष चालला, मग नळी तुंबली. साफ करा म्हणून सांगायला कोणी उरलं नव्हतं.

रशीदभाईंना आमच्या आणि जुन्नरच्या, दोन्ही तालुक्यांतल्या एकाही क्रशरनं उभं केलं नाही. त्यांनी लेण्याद्रीच्या पायथ्याला लिंबूसरबताची गाडी लावली. गणपतीच्या पायऱ्या उतरून आलेली माणसं धापा टाकत गाडीशी थांबायची, आणि त्यांच्याहून जास्त धाप सरबत देणाऱ्याला लागलेली असायची. जुन्नरच्या डॉक्टरनं वर्षभर टीबीच्या गोळ्या दिल्या. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "दगडाचं काम केलंय का?" छातीत दगडाची धूळ बसली होती, ती निघणारी नव्हती. बाईंनीच त्यांना भरपाईचा अर्ज करायला लावला.

अर्जाच्या सुनावणीला शेठनं मला पुण्याला पाठवलं. मी तोवर मॅनेजर झालो होतो, पोरगा शेठच्याच पेट्रोल पंपावर नुकताच लागला होता. शेठ एवढंच म्हणाला, "सावळेराम, जे दफ्तरात हाय तेवढंच बोलायचं."

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, "हा माणूस तुमच्याकडे कामाला होता का?"

"दफ्तरी नोंद नाही, साहेब."

"नोंदीचं विचारत नाही. तुम्हाला आठवतो का?"

रशीदभाई माझ्यापासून हातभर अंतरावर बसले होते. त्यांच्या छातीतली शिट्टी मला ऐकू येत होती.

"आठवत नाही," मी म्हणालो.

अर्ज तिथंच निकालात निघाला. बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला हाक मारली. वाटलं, आता थुंकतील तोंडावर. ते म्हणाले, "सावळाभाऊ, जिना उतरताना जरा हात द्या. दम लागतोय." दोन मजले. दर सहा-सात पायऱ्यांना ते बसायचे, मी शेजारी उभा राहायचो. खाली आल्यावर त्यांनी माझा हात सोडला आणि रस्ता ओलांडून गेले. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

चाळिसावा दिवस उलटल्यावर मी जुन्नरला गेलो. एकच खोली. एका कोपऱ्यात भिंतीवर डोक्याच्या उंचीला तेलकट, काळपट डाग होता. त्यांच्या बायको, जैबुनभाभी म्हणाल्या, आडवं झालं की जीव गुदमरायचा, म्हणून शेवटची दोन वर्षं ते तिथंच भिंतीला टेकून झोपले. खोलीत बसायला तेवढीच जागा होती. मला तिथं बसवलं. पाठ भिंतीला लागू नये म्हणून मी ताठ बसलो.

चहा देताना भाभी म्हणाल्या, "तुमचं नाव लई घ्यायचे. म्हणायचे, समदे पलटले, पर सावळाभाऊ पुण्यापर्यंत साक्ष द्यायला आला. सायबानं ऐकलं न्हाई त्याला तो काय करणार?" आणि त्यांनी पदरानं डोळे पुसले. "तुमी होता म्हणून त्यांना येवढं तरी समाधान व्हतं, भाऊ."

मी चहा संपवला. कप खाली ठेवला. तोंड उघडलं... आणि निघतो म्हणालो. रशीदभाईंनी असं का सांगितलं ते मला कळत नाही. मला वाचवायचं होतं, की घरात बायकोपोरीला निदान एक तरी माणूस आपला वाटावा म्हणून, की मला जन्मभर असं जळत ठेवायचं होतं? तिसरं असेल तर ते त्यांना जमलं आहे.

जे साहेबांपुढे बोललो नाही ते आज लिहून देतो. रशीदभाई क्रशरवर कामाला होते. सात वर्षं. त्यांची रोजची हजेरी मी माझ्या हातानं लिहीत होतो.

भाभींना वाचता येत नाही. पण दर रविवारी यास्मिन त्यांना पेपरची ही पुरवणी पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचून दाखवते.